आठ दिवसांपासून वाम दिसत नाही, उकरून पाहू का?

भाऊ, सगळ्यात आधी एक सांगतो, हात घालू नका. उकरून बिलकुल पाहू नका, काहून ते पुढं सांगतो.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही अर्जुनी मोरगावकडचे, ओळखीच्या ढिवरभाऊंच्या जाळ्यात आलेली वीतभर वाम, म्हणजे तो सापासारखा लांबट मासा, पोरीच्या हट्टापायी घरी आणली, दोन फुटाच्या टाकीत सोडली, टाकीत निळी-पांढरी गिट्टी आणि पाच गोल्डफिश. पहिल्या रात्री ती काचेला नाक घासत इकडून तिकडं फिरली, मंग गिट्टीत शिरली ती शिरलीच. दाणे टाकता ते गोल्डफिश फस्त करतात. एकदा नाक बाहेर दिसलं तर त्याच्यावर पांढरं पांढरं होतं, दुकानदार म्हणे मूठभर मीठ टाका. आता तुम्हाला भीती की खालीच मेली असंल.

माझ्या मते मेलेली नाही. मे महिन्याच्या तोंडावर दोन फुटाच्या टाकीत वीतभर मासा मेला तर दुसऱ्या दिवशी नाकाला कळते, पाणी दुधाळ होते, गोल्डफिश वर येऊन तोंडं मारायला लागतात. यातलं काही तुम्ही लिहिलं नाही. आणि वाम दिसत नाही ही तक्रारच नाही बापा, वाम लपते म्हणजे ती वामीसारखी वागते. दिवसभर काचेला घासत वरखाली पोहणारी वाम मी पाहिली की मला धडकी भरते, ती त्रासात राहते. तुमच्या टाकीत न दिसणं सोडून तीन वेगळे त्रास आहेत: ती आठ दिवसांपासून उपाशी आहे, गिट्टीनं तिचं नाक सोललं आहे, आणि तिसरं म्हणजे ती कदाचित तुमच्या टाकीपेक्षा लांब होणार आहे.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर ठरते. आपल्याकडं वाम किंवा बाम म्हणून जे मिळते ते एकच मासा नाही. मोठी वाम, तिचं शास्त्रीय नाव मास्टासेम्बेलस आर्मेटस, अंगावर तपकिरी वाकडीतिकडी नागमोडी नक्षी, ही दोन फुटापर्यंत सहज जाते आणि जास्तीत जास्त ९० सेंटिमीटरपर्यंतची नोंद आहे. दुसरी लहान वाम, मॅक्रोग्नॅथस पॅनकॅलस, ती वीतभरच राहते, पोट पिवळसर आणि अंगावर बारीक फिके ठिपके. हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं १८२२ मध्ये तिचं नाव ठेवलं ते बंगालीतल्या पांकाल या नावावरून, आणि पांक म्हणजे आपल्या पंकजमधला पंक, चिखल. म्हणजे नावातच सांगितलं आहे की ही बाई कुठं राहते. तिसरी आहे मॅक्रोग्नॅथस अराल, तिच्या पाठीच्या पराच्या बुडाशी मोराच्या पिसावर राहतात तसे गोल डोळे राहतात.

वीतभर असताना नक्षीवरून गफलत होते, म्हणून मी शेपटी पाहतो. मोठ्या वामीच्या पाठीचा पर आणि खालचा पर शेपटीच्या पराला जाऊन चिकटलेला राहते, सगळा मिळून एकच पर वाटते. बाकीच्या दोघींची शेपटी वेगळी, मधात खाच दिसते. तुमची जर चिकटलेल्या शेपटीची निघाली तर ती आत्ता पोर आहे आणि दोन फुटाची टाकी तिच्यासाठी फक्त काही महिन्यांची धर्मशाळा आहे. खाच दिसली तर दोन फुटात कसंबसं निभते, तीन फुटी असली तर चांगलं.

जाता जाता, हिला ईल म्हणतात पण ही खरी ईल नाही. खरी ईल म्हणजे अहीर, ती अंडी घालायला समुद्रात जाते. वाम गोड्या पाण्यातच जन्मते, तिथंच मरते. त्यामुळं कुठंतरी वाचून कोणी म्हणालं की हिला खारं पाणी लागते तर ऐकू नका. तलावातून आणलेल्या माशाला समुद्राची काय ओढ!

आता गिट्टी. माझी पहिली वाम मी अशाच रंगीत गिट्टीत ठेवली होती, चौदा वर्षं झाली त्याला. तेव्हा मला वाटलं मासा आहे, पाणी आहे, अजून काय पायजे. वामीचं नाक पुढं बारीक सोंडेसारखं राहते, टोकाला तीन फाटे, त्यातले दोन म्हणजे नाकपुड्याच. त्या नाकानं ती वास घेत खाली घुसते आणि मंग सगळं अंग वळवत वळवत आत ओढते. रेतीत हे काम दोन सेकंदाचं. गिट्टीत ती तेच करायला जाते आणि दर वेळी नाक अन् कुशी घासून निघते. हिच्या अंगावरचे खवले इतके बारीक आहेत की हाताला लागतही नाही, वरचा चिकट थर गेला की जखम उघडी, आणि तिथं बुरशी नाही तर जिवाणू बसतात. माझ्या वामीच्या नाकावर कापसासारखं आलं, मी औषधावर औषध ओतलं, गिट्टी तशीच ठेवली. बाराव्या दिवशी गेली. तुम्हाला जे पांढरं दिसलं ते तेच असावं, आत्ता सुरुवात आहे म्हणून सुटंल.

म्हणून रेती पायजे. नदीची, गोलसर दाण्याची, जाड रव्यासारखी. आपल्या भागात वैनगंगेची रेती घराच्या बांधकामावर पडलेली राहते, ओळखीच्याकडून दोन घमेली मागून आणा, कोणी नाही म्हणत नाही. पण एक जपा, आजकाल रेती महाग झाली म्हणून लोक चुरी वापरतात, क्रशरवरची, ती दिसायला रेतीसारखीच पण दाणा फुटका आणि धारदार राहते. चिमूटभर घेऊन दोन बोटांत चोळा, टोचलं तर ती वामीला नाही. रेती चांगली असली तर गव्हाच्या चाळणीनं मोठे खडे काढा, पिठाच्या चाळणीनं माती काढा आणि घमेल्यात धुवा, धुवा, धुवा. वरचं पाणी चहासारखं दिसते तोपर्यंत काम झालं नाही, तुमचाच हात तळाशी स्पष्ट दिसला पायजे. दोन फुटी टाकीत तीन इंच थर करायला साधारण वीस किलो लागते. जास्त जाड थर करू नका, खाली हवा जात नाही, काळी पडते अन् सडक्या अंड्याचा वास मारते. तीन इंच रेती वाम स्वतःच नांगरून ठेवते.

झाडं लावायची हौस असली तर कुंडीत ठेवा, रेतीत लावलेलं सकाळी तरंगत राहीन.

लपायला रेतीशिवाय एक नळी द्या. शेतातल्या पाइपलाइनचा दीड-दोन इंची पीव्हीसीचा तुकडा, फूटभर, कापलेली कड कानशीनं घासून. पैसे लागत नाहीत आणि पुढं एक मोठा उपयोग आहे. वामीच्या पाठीवर सुट्या काट्यांची रांग राहते, म्हणून तर तिला नायलॉनच्या जाळीनं पकडलं की काटे जाळीत अडकतात, ती पिळवटते अन् अंग फाटते, हातात धरली तर तुम्हाला टोचते. तिला दुसरीकडं न्यायचं तर ती नळीत असताना दोन्ही तोंडांवर तळहात ठेवायचे आणि नळीसकट उचलायची, बस. उकरू नका म्हणालो ते याच्यासाठीही. गिट्टीत हात घातला की ती घाबरून अजून खाली घुसते, अन् वरून गिट्टी दाबली जाते.

खाण्याचं सांगतो, इथंच बहुतेकांच्या वामी मरतात. महिनाभर छान दिसते अन् एक दिवस मेलेली सापडते, पाठ सुरीसारखी झालेली. लोक म्हणतात रोग आला. रोग नाही भाऊ, भूक. तिला दाणे खायचे कळतच नाही, ती खाणं हलताना आणि वासावर ओळखते. त्यात तुमचे गोल्डफिश दिवसभर चरणारे, रेतीपर्यंत काही पोहचूच देत नाहीत. गोल्डफिश वाईट मासा नाही पण हिचा सोबती नाही, ते दुसऱ्या टाकीत हलवा. गप्पी, छोट्या मोली ठेवाल तर मोठी झाल्यावर ही रात्री गिळंल. मधल्या आकाराचे, वरच्या नाही तर मधल्या पाण्यात राहणारे शांत मासे चालतात, रोझी बार्ब, गौरामी असे. मागूर तर नकोच, तो पण रात्रीचा चोर. आणि मोठ्या जातीच्या दोन वामी एका लहान टाकीत ठेवू नका, भांडतात.

गांडूळ हे हिचं सगळ्यात आवडतं. पण कोणतं गांडूळ याला महत्त्व आहे. गांडूळखताच्या बेडमधलं लाल पट्ट्याचं बारीक गांडूळ डिवचलं की पिवळं कडू पाणी सोडते, माझ्या वामींनी ते तोंडात घेऊन थुंकलेलं मी स्वतः पाहिलं आहे. मोरीच्या पाण्याजवळ, केळीच्या बुडाशी ओल्या मातीत मिळते ते साधं गांडूळ घ्या. फवारणी झालेल्या धानाच्या बांधीतलं किंवा कपाशीच्या शेतातलं नको, औषध गांडुळात राहते आणि गांडुळासंगं वामीच्या पोटात जाते. गांडूळ स्वच्छ पाण्यात तासभर ठेवा, पोटातली माती निघून जाईन, वीतभर वामीला दोन इंचाचा तुकडा पुरे. ढिवरभाऊ ओळखीचे आहेतच तर त्यांना बारीक झिंगे मागा, ताजे, ते पण चालतात. शहराच्या नालीतले ट्युबिफेक्स म्हणून जे लाल किडे विकतात ते मी देत नाही, त्याच्यासंगं काय काय येते त्याचा नेम नाही.

द्यायची वेळ, घरातले दिवे गेल्यावर अर्ध्या तासानं. मी टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागद रबरानं बांधतो, लाल उजेडाला ती फारशी बुजत नाही. गांडुळाचा तुकडा लांब चिमट्यानं नेऊन नळीच्या तोंडाशी रेतीवर ठेवा आणि हलू नका. पहिलं काहीच होत नाही. मंग रेतीचे दोन-चार दाणे उडतात, ते तीन फाट्यांचं नाक वर येते, इकडं तिकडं थरथरते, गांडुळाला एकदा शिवून मागं जाते. पुन्हा येते. आणि मंग शेवई ओढावी तसं एका दमात आत. तुमच्या पोरीला हे दाखवा, दिवसभर रिकामी टाकी पाहून ती रुसली असंल तर इथं तिचा रुसवा जाईन. रोज त्याच जागी, त्याच वेळेला दिलं तर दोन-तीन महिन्यांनी काही वामी चिमटा दिसताच बाहेर येतात. सगळ्याच येतात असं नाही, माझी आत्ताची एक सहा वर्षांत दिवसा कधीच आली नाही, तिचा स्वभाव.

नव्या माशानं आठ-दहा दिवस न खाणं मी पाहिलेलं आहे, तेवढ्यानं घाबरू नका. पण रोज रात्री ठेवलेलं सकाळी तसंच पडलेलं दिसलं तर काढून टाका, नाही तर पाणी खराब होते.

झाकण. याच्यावर मी जास्त बोलणार नाही, माझी दुसरी वाम मला धानाच्या कोठीमागं सापडली, धुळीत लडबडलेली, वाळून दोरीसारखी झालेली. एअर पंपाची नळी जाते तेवढीच फट होती. तेव्हापासून फटीत स्पंजचा तुकडा कोंबतो आणि झाकणावर वीट ठेवतो. फिल्टर असला तर त्याच्या ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाला पण स्पंज लावा, वाम तिथंही शिरते.

पाण्याचं तुमच्यावर अवलंबून आहे आणि तुम्ही ते लिहिलं नाही. ग्रामपंचायतीच्या नळाचं असंल तर त्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर राहते, आणि ज्या दिवशी गावाच्या पाण्याच्या टाकीत पावडर टाकली त्या दिवशी नळाला वास येतो तोच सगळ्यात घातक. बादलीत एअर पंप लावून चोवीस तास ठेवा किंवा दुकानातलं क्लोरीन काढायचं औषध घाला. विहिरीचं असंल तर ही भानगड नाही. हेच मला अकोला, दर्यापूरकडचे लोक विचारतात तेव्हा माझं उत्तर वेगळं राहते, कारण तो पूर्णेचा खारपाणपट्टा, तिथं बोअरचं पाणीच खारट, त्यांना मी पावसाचं साठवलेलं पाणी मिसळायला सांगतो. तुमच्या तलावाच्या भागात ते लागत नाही. टाकी नवीन, महिन्याच्या आतली असंल तर फिल्टरमधले जिवाणू अजून बसलेले नसतात, माशांच्या घाणीतला अमोनिया ते पचवू शकत नाहीत, त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर एक दिवसाआड पाव भाग पाणी बदला. पाच गोल्डफिश अन् एक वाम दोन फुटात, म्हणजे जेमतेम ५५ लिटरमध्ये, ही गर्दीच आहे.

आता मीठ. मूठ म्हणजे किती? माझी मूठ अन् तुमची मूठ एक नाही, म्हणून मुठीनं काही टाकायचं नाही. जखमेला लिटरमागे एक ग्रॅम साधं मीठ चालते, तुमच्या टाकीला पन्नास ग्रॅम, तेही तांब्यात विरघळवून, दोन दिवसांत तीन वेळा थोडं थोडं. पण आधी गिट्टी काढायची, नाही तर एकीकडून मलम अन् एकीकडून कानशी. बदामाची वाळलेली दोन पानं धुऊन टाका, पाणी थोडं पिवळं होईन, होऊ द्या. दुकानदार मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मालिन किंवा तांब्याचं औषध देईल, ते बाटलीवरच्या मापानं वामीला देऊ नका, हिची कातडी बाकीच्या माशांपेक्षा लवकर भाजते. पांढरं वाढतच गेलं तर अर्ध्या मापानं आणि फिल्टरमधला कोळसा काढून.

आणि ऊन. आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४५-४६, पत्र्याच्या घरात टाकीचं पाणी ३४-३५ला जाते. गरम पाण्यात हवा कमी विरघळते, २५ अंशाला लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतो, ३५ला तो ७च्या आसपास येतो, आणि त्याच वेळी माशाला जास्त लागतो. त्यात दुपारी लाइट गेली की पंप बंद. टाकी पत्र्याखालून काढून मातीच्या भिंतीच्या खोलीत, जमिनीजवळ ठेवा, कूलरची हवा पाण्याच्या वरून जाऊ द्या, एक-दोन अंश उतरते. बर्फाची बाटली टाकाल तर एक लिटरची एकच, दुसरी पहिली विरघळल्यावर तासानं. लाइट नसली तर तांब्यानं पाणी उचलून हातभर उंचावरून धार सोडायची, दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं. माझ्या घरी हे काम शाळेला सुट्टी लागलेल्या पोरांकडं राहते. थंडीत उलट, पाणी वीसच्या खाली गेलं की ती खाणं कमी करते, तेव्हा जबरदस्ती करायची नाही.

तर आज संध्याकाळी असं करा. पीव्हीसीची नळी टाकीत एका कोपऱ्यात ठेवा, टाकीवर चादर टाका, गोल्डफिश बादलीत काढा. रात्री नळीपासून लांबच्या कोपऱ्याकडून गिट्टी वाटीवाटीनं हळू काढायला लागा. अंधार अन् आसरा दिसला की वाम बहुतेक नळीत जातेच, आज नाही तर उद्या. नळीत गेली की नळीसकट टाकीच्याच पाण्यानं भरलेल्या झाकणाच्या बादलीत, मंग बाकीची गिट्टी काढून धुतलेली रेती भरा. टाकीतलं अर्धं जुनं पाणी ठेवा, फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका.

एक शेवटचं, तुम्ही विचारलंच आहे की नाही जमलं तर परत तलावात सोडू का. आठ दिवस ती दुकानातल्या गोल्डफिशसंगं राहिली आहे, त्यांच्या अंगावरचे किडे तिच्यावर बसले असू शकतात, ते तलावात नेऊन सोडायचे आणि त्याच तलावावर ढिवरभाऊंचं पोट, हे मला पटत नाही. सकरमाऊथ मासा असाच कोणाकोणाच्या टाकीतून आपल्या नद्यांत गेला आहे. मोठी वाम निघाली तर अंगणात सावलीला चार बाय तीनचा सिमेंटचा हौद बांधा, खाली रेती, वर लोखंडी जाळी. नवीन सिमेंट पाण्यात चुना सोडते, म्हणून तीन-चार आठवडे पाणी भरून, फेकून, पुन्हा भरून मगच सोडायची. तसा हौद माझ्याकडं आहे आणि त्यातली वाम आत्ता माझ्या कोपरापासून बोटापर्यंत आहे.

नळीत गेली की शेपटीचा फोटो तेवढा पाठवा, बाजूनं काढा, वरून नको, खाच आहे की नाही ते वरून कळत नाही.